कुस्तीनंतरची गळाभेट म्हणजे नाटकं?

येळ्ळूरचा गडी: काल एकानं लिहिलं, "कुस्ती झाल्यावर मिठ्या मारणं कॅमेऱ्यासाठी असतं, पैलवानाला समोरचा दुश्मनच दिसला पाहिजे." रात्रभर डोक्यातनं जाईना म्हणून लिहालोय. अरे, मातीत उतरलास की मूठभर माती समोरच्याच्या अंगाला लावतोस, तो तुला लावतो. कुठल्या कॅमेऱ्यासाठी? २०२० ला महाराष्ट्र केसरी जिंकल्या जिंकल्या हर्षवर्धन सदगीरनं हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर घेतलं, आमचे वस्ताद टीव्हीपुढं उठून उभारलेले.

निपाणीकर: मीच लिहिलंय आणि परत लिहितो. माती लावतात ती घामानं पकड सुटू नये म्हणून, त्यात आदर कसला? सदगीर-शेळके दोघं काका पवारांच्याच तालमीतले, उचलणारच की. २०२५ ला अहिल्यानगरात त्याच स्पर्धेत काय झालं ते सांग.

येळ्ळूरचा गडी: शिवराज राक्षेनं निकालावरनं चिडून लाथ मारली ती पंचाला, समोरच्या पैलवानाला नाही.

खानापूरवाला: ह्या प्रेमापायीच मैदानं मेली बघा! गेल्या जत्रेत एक नंबरची कुस्ती, अर्धा तास नुसती हातानं चाचपत खडाखडी, डाव एक नाही, हलगीवाल्याचे हात दुखले, शेवटी बरोबरीत सोडवली आणि इनाम निम्मं निम्मं. वर्गणी आम्ही दारोदार फिरून गोळा केलेली.

निपाणीकर: मी हेच म्हणालोय!

येळ्ळूरचा गडी: नूरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली, आणि मान एक नव्हे रे.

काकतीकर: मग गुणांवर निकाल द्या की, मॅटवरच्या कुस्तीसारखा.

खानापूरवाला: मॅटचं मातीत आणू नका! तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत कसली कुस्ती कळते? लंगोट कधी घातलाय काय तुम्ही?

काकतीकर: नऊ वर्षं घातलाय, कुस्तीनं मोडलेला कान बघून जा माझा. नीट बोला.

हिंडलग्याची ताई: भांडा नंतर, आधी माझं ऐका. माझ्या भावाचा कोपर मैदानात निखळला. त्याचा जोड, म्हणजे समोरचा पैलवान, गोकाककडचा. त्यानंच भावाचा हात सरळ धरून जीपपर्यंत आणला, दवाखान्यात रात्रभर बाकावर बसला, कानात तशीच लाल माती. आईला कन्नड येत नाही, त्याला मराठी नाही. सकाळी बरणीतनं दूध-बदाम घेऊन आला आणि भावाला "तम्मा, कुडी" म्हणाला, म्हणजे "भावा, पी". पुढच्या वर्षी परत जोड लागली, घिस्सा डावावर भावाला चितपट केलं, जरासुद्धा दया दाखवली नाही. तिथं कॅमेरा नव्हता.

काकतीकर: पॅरिस ऑलिंपिकला २०२४ ला पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला टाकून सोनं नेलं, नीरजला ८९.४५ वर रुपं. तरी नीरजची आई म्हणाली, तोपण आमचाच पोरगा.

निपाणीकर: ताई, तुमच्या भावाचा जोड चांगला माणूस होता, एवढं मानतो. दुसऱ्या वर्षी सोडलं नाही हे जास्त आवडलं. पण सगळे तसे नसतात.

येळ्ळूरचा गडी: सगळे तसेच असतात असं मी कुठं म्हटलं? दुश्मनच दिसला पाहिजे, हे तेवढं मागं घे.

निपाणीकर: "दुश्मन" शब्द मागं घेतो. बाकी नाही.

खानापूरवाला: आणि वर्गणीचं? यंदा बरोबरीत सुटली तर इनाम द्यायचं नाही, मी कमिटीत मांडणार.

निपाणीकर: मांड. मी येतो.

काकतीकर: आणि ज्याचा खांदा खरंच निखळला त्याचं काय करणार?