गोड-आंबट अख्खी कोंबडी: कोणाची जमली, कोणाची जळली?

वरूडकडचा संत्रावाला
आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू आहे. व्यापाऱ्यानं बाजूला काढलेला बारका माल घरात पडला होता. म्हटलं, रस आटवू, त्यात गूळ-चिंच घालू आणि अख्खी कोंबडी भाजू. बहीण तिचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आमच्याकडे ठेवून गेली आहे, तोही एकदाचा कामी येईल. दीड किलोची ब्रॉयलर आणली. आदल्या रात्रीच मीठ, हळद, आलं-लसूण आणि भिवापुरी तिखट चोळून ठेवली. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. मग मी तो गोड लेप सुरुवातीलाच चोपडला, २०० अंशांवर कोंबडी आत सरकवली आणि गोठ्यात गेलो.

२५ मिनिटांनी आलो तर घरात धूर. कोंबडी वरून कोळसा, अन् मांडीच्या सांध्यात सुरी घातली तर लाल पाणी. आई म्हणाली, "पाक चुलीवर इसरला की काय होते, हे तुले लहानपणापासून माईत नाही का?" माहीत होतं. कोंबडीवर लावला की तोच गूळ काही वेगळा वागेल, असं कुठंतरी वाटलं असावं.

दुसऱ्या खेपेला नुसतं तेल लावून ५५ मिनिटं भाजली. लेप त्यानंतरच्या शेवटच्या १५ मिनिटांत, दर पाच मिनिटांनी एक हात, असे तीन हात. सहा संत्र्यांचा रस आटून पाव वाटी होतो. त्यात दोन चमचे गूळ, दोन चमचे चिंचेचा दाट कोळ, चिमूटभर मीठ. रस हातानंच पिळा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवला तर तासाभरात कडू होतो, आणि आटवल्यावर तर तोंडात धरवत नाही. एक वाटी त्यातही वाया घालवली.

तुमचे अनुभव सांगा. चूल, वावर, कुकर, काहीही चालेल. फसलेले आधी सांगा.

अकोटचा बुढा
ओटीजी कायले पाह्यजे बाप्पा? आमी वावरातच करतो. तेलाचा १५ लिटरचा रिकामा पिपा घ्याचा. जमिनीत हातभर लोखंडी सळई ठोकाची, खाली पराती ठेवाची, सळईवर कोंबडी उभी खोचाची अन् वरून पिपा पालथा घालाचा. बुडाशी चहूकडून माती लावाची. मंग पिप्यावर अन् बाजूनं पऱ्हाटी, म्हंजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवाची. पऱ्हाटीचा जाळ लवकर बसते, म्हणून दोन-चार गवऱ्या जोडीले. पाऊण तासात कोंबडी तयार.

पयल्या डावी पिपा तसाच वापरला होता. सगळ्या कोंबडीले रंगाचा वास. कुत्र्यानंही विचार करून खाल्ली. पिपा आधी रिकामा जाळून, घासून घ्या.

गोड लेप मी नव्हतो लावत. पोट्ट्याईनं हट्ट केला म्हणून लावला. पिपा उचलाचा, लेप लावाचा, पुन्हा झाकाचा, पण आता जाळ नाही, नुसता इस्तव, म्हंजे निखारे. दहा मिनिटं. ब्रश कुठचा वावरात? कांद्याच्या पातीची जुडी बांधली अन् तिनंच लावला. त्या पातीचा वास लागते ना, थोच खरा मसाला.

गोंदिया जिल्ह्यातली सूनबाई
आमच्याकडे संत्रा नाही, मोह आहे. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहफुलं दोन पाण्यांतून धुवायची, कारण आतल्या केसरात रेती अडकते. मग भिजवून, शिजवून, कापडातून पिळून ते पाणी आटवायचं. काकवीसारखं दाट होतं. मी पहिल्यांदा कोंबडीला लावलं तेव्हा सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "हा वास ओळखीचा आहे, पण सयपाकघरातला नाही." खाताना मात्र पंख त्यांनीच घेतले.

हा पाक गुळापेक्षाही लवकर काळा पडतो. मी शेवटची सात-आठ मिनिटंच ठेवते, तेही मंद आचेवर. आणि आंबट दुप्पट घालते, कारण मोहाचा गोडवा जड असतो. चिंच कमी पडली तर निंबू, पण ते उतरवल्यावर.

नागपूर ग्रामीण
कोंबडी गोड करायची तर शिरा का वाईट आहे?

यवतमाळकडची ताई
वरच्या दादांना शिरा मिळो. 🙂

माझ्याकडे ओव्हनही नाही, पिपाही नाही. पाच लिटरचा जुना कुकर आहे. त्याची शिटी आणि रबर काढून केक करतो ना आपण, तसंच. खाली मीठ, वर स्टँड, त्यावर ताटलीत एक किलोच्या आतली कोंबडी. मोठी बसत नाही. मी दाबून बसवली तर छाती भिंतीला चिकटून फाटली. मंद गॅसवर साधारण सव्वा तास. शिजते छान, पण रंग येत नाही. म्हणून शेवटी चुलीच्या निखाऱ्यावर जाळी ठेवून उलटसुलट करते आणि लेप तिथंच लावते.

लेप अंबाडीच्या बोंडांचा. दिवाळीनंतर बोंडं लाल होतात, पाकळ्या सोलून थोड्या पाण्यात शिजवल्या की लालभडक आंबट रस. गूळ घालून आटवला की तो आपोआप जेलीसारखा धरतो, कोंबडीवरून ओघळत नाही. चिंचेच्या लेपाला ती चमक येतच नाही, हे माझं ठाम मत. वरून सांबार (कोथिंबीर) आणि तीळ.

पुसदचा शिक्षक
दुकानदार कातडी काढूनच देतो. मग काय करायचं? मी दोनदा केली, दोन्ही वेळा छाती लाकूड.

वरूडकडचा संत्रावाला
सकाळी लवकर जाऊन सांगायचं, "सालीसकट, फक्त पिसं काढ." तो तोंड वाकडं करेल, तरी ऐकायचं नाही. कातडीखालची चरबी वितळूनच मांस मऊ राहतं आणि लेपालाही धरायला जागा मिळते. बिनकातडीचीच मिळाली तर छातीवर तेलात भिजवलेलं केळीचं पान बांधा, लेपाच्या वेळी काढा.

तिवस्याची पोरगी, सध्या पुण्यात नर्सिंगला
मैत्रिणीकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर आहे. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश सेल्सिअस दाखवलं की झालं. गावी ते नाही, तिथं आजीचंच माप: पाय धरून हलवला की सांधा सैल लागला पाहिजे आणि पाणी स्वच्छ निघालं पाहिजे. मी दोन्ही मापं एकाच कोंबडीवर लावून पाहिली, आजी दोन मिनिटांनी चुकली. तिला सांगितलं नाही.

वाशीमकडचे काका
सगळे ब्रॉयलरचंच सांगून राहिले. पोळ्याच्या करीले, म्हंजे दुसऱ्या दिवशी, घरचा दोन वर्षांचा कोंबडा कापला होता. अख्खाच भाजला, ब्रॉयलरच्या हिशोबानं. जावई मुंबईचे. बिचारे चावत राह्यले, बोलले काहीच नाही. अर्ध्या तासानं पोरीनं ताट उचललं.

गावरान आधी गंजात (पातेल्यात) उकळावा लागते, मीठ-हळद घालून, मंद जाळावर, झाकण ठेवून, तास-दीड तास. सुरी सहज गेली की बाहेर काढून कोरडा होऊ द्याचा, मंग लेप अन् निखारा. ओला असताना लेप लावला तर सगळा खाली गळते. अन् गंजातलं पाणी फेकू नका. तिखट-मसाला घालून त्याचाच रस्सा करा. आमच्याकडे पोट्टे कोंबडा खातात, आमी भाकर चुरून रस्सा.

नागपूर ग्रामीण
पुसदचे गुरुजी, रविवारी कराल तेव्हा कळवा. आणि यवतमाळच्या ताई, बोंडं किती घ्यायची? बायको विचारून राहिली.

यवतमाळकडची ताई
दोन मुठी सोललेल्या पाकळ्या, दीड वाटी पाणी, मुठीएवढा गूळ. बायकोच विचारून राहिली ना?