मदत हवी आहे: दोन बाइकर टोळ्यांच्या सूडपटाचं नाव

एका जुन्या इंग्रजी सूडपटाचं नाव शोधतोय. दोन मोटरसायकल टोळ्यांचं हाडवैर आणि अंगावर येणारी हिंसा. टीव्हीवर रात्री उशिरा लागला होता, सुरुवात हुकली, त्यामुळे नाव कळलंच नाही.

एक प्रसंग पक्का आठवतो. नायकाच्या भावाला हायवेवर साखळ्यांनी मारतात. मग विरोधी टोळीचा म्होरक्या गुडघ्यावर बसून त्याच्या जाकिटाच्या पाठीवरची खालची पट्टी चाकूने उसवतो, एकेक टाका, अगदी सावकाश. अशा टोळ्यांत वरच्या पट्टीवर टोळीचं नाव, मधे चिन्ह आणि खाली इलाका असतो, तेव्हा हा अपमान साधा नाही. पुढे नायक एकेकाला गाठून ती पट्टी परत मिळवतो. शेवट बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर होतो, तिथे नायक मरतो की वाचतो हे मात्र नीट आठवत नाही.

चित्रपट रंगीत आहे. उंच हँडल आणि लांब फोर्कच्या चॉपर गाड्या बघता १९७० च्या आसपासचा असावा.

'मॅड मॅक्स' (१९७९) नाही, त्यात नायक पोलीस आहे. 'स्टोन' (१९७४) मध्येही पोलीसच टोळीत शिरतो. 'द वाइल्ड एंजल्स' (१९६६) सुद्धा पाहिला, तोही नाही. 'बाइकर' आणि 'रिव्हेंज' टाकून शोधलं तर ढिगाने नावं येतात, पण कथासार दोन ओळींचं, त्यात असा प्रसंग कुठून सापडणार?

पट्टी उसवण्याचा हा प्रसंग कुणी पाहिलाय का, आणि चित्रपटाचं नाव व साल काय?