मामेबहिणीची ८४ भागांची प्रेमकथा: खरं कसं सांगू?

प्रश्न (इंदूर): मामेबहिणीनं मालिकेतल्या जोडीवर फॅन फिक्शन लिहिलंय. ८४ भाग! जागून सगळे वाचले. सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, नायक तिच्या कुल्हडातली साय बोटानं बाजूला करतो, तिथे डोळे भरून आले. पण ३०व्या भागापासून ६०व्यापर्यंत नुसते रुसवे-फुगवे. "खरं सांग गं ताई" म्हणतेय. कसं सांगू?

उत्तर १: आधी सायीचंच सांगा. मग विचारा, हा रुसवा वगळला तर पुढचं काय अडतं?

उत्तर २: फोनवर नको, समोर बसून. भाग क्रमांक लिहून न्या. नुसतं "कंटाळा आला" ऐकून मी दोन वर्षं लिहिलं नव्हतं.

प्रश्नकर्ती: काल राजवाड्याजवळ भेटलो. ४१वा भाग तिनं आपणहून काढून टाकला. कथेत शिकंजीत लिंबू पिळलं होतं, तेही बदललं. आपली इंदुरी शिकंजी दुधाची ना!