मदत हवी आहे: रोबो घनता काढताना भारताचे कामगार कोणते धरायचे?

रबाळे एमआयडीसीतल्या लघुउद्योजकांच्या बैठकीत औद्योगिक रोबोंवर बोलायचं आहे, पण देशांच्या तुलनेत अडकलोय.

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या २०२४ च्या अहवालात रोबो घनता, म्हणजे दर १०,००० कारखाना-कामगारांमागे वापरात असलेले रोबो, अशी आहे: दक्षिण कोरियात १,०१२ रोबो, सिंगापूरमध्ये ७७०, चीनमध्ये ४७०, जर्मनीत ४२९ आणि जगाची सरासरी १६२. भारतात २०२३ मध्ये ८,५१० नवे रोबो बसले; पण ही वर्षभरातली भर झाली, घनता नव्हे.

खरी अडचण भाजकाची. वार्षिक उद्योग सर्वेक्षणात (एएसआय) फक्त नोंदणीकृत कारखाने येतात. पीएलएफएस, म्हणजे घरोघरी जाऊन होणारं सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षण, धरलं तर घरी बसून शिवणारे, विणणारेही मोजले जातात आणि भारत उगाच तळाला जातो. आमच्याच गल्लीत एका शेडमध्ये सहा अक्षांचा रोबो ब्रॅकेट वेल्ड करतो, शेजारी तेच काम दोघं हाताने करतात. म्हणून आकडा नीट हवाय. फक्त वाहन उद्योगाची तुलना नको, ऐकणारे बहुतेक फॅब्रिकेशन आणि प्लास्टिकवाले आहेत.

पूर्ण अहवाल विकत घेणं परवडणारं नाही. मोफत सारांश वाचून झालेत. महासंघ इतर देशांची कामगारसंख्या कुठून घेतो, आणि त्याच्याशी जुळवायला भारतासाठी एएसआय धरावं की पीएलएफएस?