आई विचारते, राष्ट्राध्यक्ष एक सही करून तुझं ग्रीन कार्ड का देत नाही?

एडिसनवाली
नमस्कार मंडळी. आईची अमेरिकेच्या सिटिझनशिपची तयारी चालू आहे, दादाने बोलावून घेतलंय तिला, वय 68, ग्रीन कार्डला 16 वर्षं झाली. फॉर्म नोव्हेंबर 2025 मध्ये भरला त्यामुळे नवीन परीक्षा आली नशिबी, 128 प्रश्न पाठ करायचे, त्यातले 20 विचारणार आणि 12 बरोबर यायला हवेत. रोज दुपारी भांडी आवरली की चष्मा लावून बसते. सरकारच्या तीन शाखा कुठल्या विचारलं की धडाधड सांगते, कायदेमंडळ कार्यकारी मंडळ न्यायमंडळ, आपलं शाळेतलं नागरिकशास्त्रच ते, इतिहासाच्या पुस्तकात मागे चिकटवलेलं असायचं. पण त्यापुढे गाडी अडते. "कायदे कोण करतं? काँग्रेस" (म्हणजे इथली संसद) असं मी सांगितलं तर म्हणाली, "आणि दुसरे पक्ष काय करतात?" 😅

माझं स्वतःचं अजून एच-फोरवरच (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो) चाललंय, नवऱ्याचा नंबर ग्रीन कार्डच्या रांगेत कुठेतरी आहे. तर काल तिने विचारलं, राष्ट्राध्यक्ष सगळ्यांत मोठा ना, रोज टीव्हीवर सह्या करताना दिसतो, मग तुझ्या कार्डावर एक सही करायला काय जातं त्याचं? आणि शटडाऊनमध्ये 43 दिवस सरकार बंद होतं तर ते पडलं कसं नाही? मला दोन्ही धड सांगता आलं नाही. कोणी सोप्या भाषेत सांगेल का, तिला कळेल असं?

फुकटचा_सल्लागार
काकूंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. सही करता येत नाही कारण तो आकडा कायद्यात लिहिलेला आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हा 1990 चा काँग्रेसचा कायदा. त्या आकड्यात बायकापोरंही मोजतात. म्हणजे भारताच्या वाट्याला सरळ हिशोबाने दहा हजारसुद्धा येत नाहीत, इतर रांगांतली उरलीसुरली मिळाली तर मिळाली. काँग्रेसने ठरवलेला आकडा राष्ट्राध्यक्ष पेनाने खोडू शकत नाही, मग तो कुठल्या का पक्षाचा असेना.

आणि बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही, तीच तर खरी गंमत (रडकी). जुलै 2019 ला हाउसमध्ये (काँग्रेसचं खालचं सभागृह) ही देशांची मर्यादा काढायचं बिल 365 विरुद्ध 65 ने पास झालं. एवढं बहुमत तिथे सहज बघायला मिळत नाही. पण पुढे सिनेट, म्हणजे वरचं सभागृह. तिथे एकमताने पास करून घेऊ म्हटलं की एका सिनेटरने हरकत घेतली तरी संपलं, आणि हरकत आलीच, कधी याची कधी त्याची. शेवटी डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही पास केलं पण आपल्या दुरुस्त्या घालून, म्हणजे दोन सभागृहांची दोन वेगळी बिलं झाली. दोन्हीकडे शब्द न् शब्द सारखं झाल्याशिवाय ते राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर जातच नाही. 3 जानेवारी 2021 ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि बिल कचऱ्यात, परत पहिल्यापासून. दोन्ही सभागृहांना पाहिजे होतं तरी झालं नाही, हे काकूंना सांगा, मग त्यांना कळेल इथे मोठं कोण आहे. कोणीच नाही.

डॅलसकर
+1. फक्त एक ॲड करतो, तुमचं एच-फोरचं ईएडी (काम करायचं परमिट) हे नेमकं उलटं उदाहरण आहे. ते काँग्रेसने दिलेलं नाही, 2015 मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याने नियम करून दिलं. लगेच केस झाली, काही आयटीवाले गेले कोर्टात की खात्याला असा अधिकारच नाही. कोर्ट हे बघत नाही की बायकांनी नोकरी करणं चांगलं की वाईट, कायद्याने खात्याला हे करायची मुभा दिली आहे का एवढंच बघतं. नऊ वर्षांनी, ऑगस्ट 2024 ला अपील कोर्टाने नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. पण म्हणून निवांत बसू नका, जे खात्याने दिलं ते खातं काढूही शकतं. रिन्यूअल अडकलं तरी 540 दिवस काम करता यायचं ना, ती सोय नियमानेच आली होती आणि 30 ऑक्टोबर 2025 पासून नियमानेच गेली. आमच्या घरात बायकोचं कार्ड संपलं आणि नवीन यायला सात आठवडे उशीर, तेवढे दिवस बिनपगारी घरी. तेव्हा मला कार्यकारी मंडळ म्हणजे काय ते नीट समजलं.

कोथरूडचा_आगाऊ
इथे काही जण एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला वटहुकूम म्हणतात, पेपरवालेपण छापतात, ते चूक आहे. आपला वटहुकूम (कलम 123) संसद बसलेली नसताना निघतो पण त्याला कायद्याइतकीच ताकद असते, संसद भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर नाही झाला तर जातो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला ही पॉवर नाही!! त्याची ऑर्डर म्हणजे त्याने आपल्याच खात्यांना दिलेला हुकूम, आणि तोही कायद्याच्या किंवा घटनेच्या आत. 1952 ला कोरियाचं युद्ध चालू असताना ट्रूमनने संप होणार म्हणून पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले होते, सुप्रीम कोर्टाने 6-3 ने सांगितलं परत कर, आणि त्याने केले. युद्ध चालू असताना, बरं का.

आता शटडाऊन. आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर बसलेला असतो, बहुमत गेलं की खुर्ची गेली, 1999 ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं ते काकूंना चांगलं आठवत असेल. बजेट पडलं तरी तेच होणार. तिकडे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, चार वर्षं, आणि काँग्रेसने पैसे नाही दिले म्हणून तो पडत नाही, मग पडायचं कोणी तर ऑफिसांनी. महाभियोग आहे पण सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागतात, तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा झाला आणि एकालाही काढता आलं नाही. 2025 च्या त्या 43 दिवसांच्या खेपेला तर हाउस, सिनेट, राष्ट्राध्यक्ष तिन्ही एकाच पक्षाचे होते तरी अडलं, कारण सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला 60 मतं लागतात आणि त्या पक्षाकडे होती 53. तो 60 चा आकडा घटनेत नाहीये, सिनेटने स्वतःच करून ठेवलेला नियम आहे.

एडिसनवाली
@कोथरूडचा_आगाऊ वाजपेयींचं उदाहरण एकदम लागू पडलं, आई लगेच म्हणाली "हो हो, एक मत!" आणि मग स्वतःच म्हणाली, म्हणजे इथे भांडण झालं तरी कोणी घर सोडून जात नाही, नुसतं बोलणं बंद.

शटडाऊनमध्ये इंटरव्ह्यू बंद होतात का हेपण कोणी सांगा, जानेवारीनंतर कधीही येईल तारीख.

डॅलसकर
सहसा चालू राहतात, इमिग्रेशनचं ते खातं बरंचसं आपल्याच फीवर चालतं, काँग्रेसच्या पैशावर नाही. एवढ्या फिया भरतो त्याचा एवढा तरी उपयोग.

नेवार्कची_ताई
अगं एक महत्त्वाचं, आईचं वय 55 च्या वर आणि ग्रीन कार्ड 15 वर्षांच्या वर ना? मग इंग्लिशची परीक्षा माफ आहे, प्रश्नांची उत्तरं मराठीत देता येतात, दुभाषी सोबत न्यायचा. माझ्या सासूबाईंनी "न्यायमंडळ"च म्हणून सांगितलं होतं ऑफिसरला 😄 प्रश्नांची परीक्षा मात्र द्यावीच लागते, ती माफ नाही. 65 च्या वरच्यांना फक्त 20 च पाठ करायचे असतात पण त्याला 20 वर्षं ग्रीन कार्ड लागतं, तुमची चार कमी पडली.

एडिसनवाली
ताई तुम्ही माझा महिना वाचवलात!! मी बिचारीला इंग्लिशमध्ये "ज्युडिशियल" म्हणायला लावत होते आठ दिवस.

7 टक्क्यांचं सगळं सांगितलं तिला, त्या 2020 च्या बिलासकट. थोडा वेळ गप्प बसली. मग यादीतला तो प्रश्न काढला, तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं नाव सांगा. आमच्या न्यू जर्सीचे दोन्ही पाठ आहेत तिला, कोरी बुकर आणि अँडी किम. म्हणे एकदा शपथ होऊ दे, मग मत माझं आहे, दोघांनाही पत्र टाकते. पत्र मराठीत चालेल का विचारतेय.