मदत हवी: अपोलोनियसचा चौथा भाग, बेझूचं प्रमेय आणि वाचता न येणारं ग्रीक

नमस्कार मंडळी, एमेस्सी गणित, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला अल्जिब्राइक जॉमेट्री घेतली तेव्हा वाटलं होतं बेझूचं प्रमेय (दोन वक्रांचे छेद नीट मोजले तर त्यांच्या घातांच्या गुणाकाराइतके भरतात, दुसऱ्या घाताच्या दोन वक्रांचे 2×2 = 4), थोडी सेजमॅथवर आकडेमोड, तीसेक पानं, की सुटलो. पण मॅडमनी त्याला शेपूट लावलं, म्हणाल्या दोन कॉनिक (शंकू कापून मिळणारे वक्र: वर्तुळ, लंबवर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला) जास्तीत जास्त चार ठिकाणी छेदतात हे अपोलोनियस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाने 'कॉनिक्स' ग्रंथात लिहून ठेवलंय, तर त्याला मल्टिप्लिसिटी (एकाच बिंदूत किती छेद एकवटलेत तो आकडा) दिसत होती का ते बघ. झालं, आता रात्री ग्रीक अक्षरं गिरवत बसलेय.

गाडी कुठे अडलीय ते सांगते. चौथ्या भागातलं 25वं विधान: चारपेक्षा जास्त छेदबिंदू नाहीत. 26वं: एका ठिकाणी स्पर्श असेल तर आणखी दोनपेक्षा जास्त ठिकाणी भेट नाही. 27वं: दोन ठिकाणी स्पर्श असेल तर तिसरीकडे भेटच नाही. म्हणजे साधा छेद 1 आणि स्पर्श 2 धरला तर 1+1+1+1, 2+1+1, 2+2, सरळ बेझूचाच हिशोब ना? मीही खूश झाले होते. मग य = क्ष² हा पॅराबोला घेतला आणि त्याच्या टोकाला आतून टेकणारं अर्ध्या त्रिज्येचं वर्तुळ, क्ष² + य² = य. क्ष² च्या जागी य टाकला की य² = 0 उरतं, म्हणजे क्ष चा चौथा घात शून्य, चारही छेद एकाच बिंदूत. जिओजेब्रात निमूट एक ठिपका दिसतो. 26व्या विधानाला हे चालतं, कारण "दोनपेक्षा जास्त नाही" मध्ये शून्यही बसतो, पण मग साधा स्पर्श आणि हा असला चौपट स्पर्श यात त्याने कुठे फरक केलाय का? मला तरी 3+1 (एका बिंदूत तीन छेद, दुसरीकडे एक) किंवा नुसता 4 सापडला नाही.

मग वाटलं भाष्यकाराला विचारू. सहाव्या शतकातला अस्कलोनचा यूटोकियस, त्याने पहिले चार भाग संपादून त्यावर टीपा लिहिल्या आणि अँथेमियसला पाठवल्या (तोच, इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा वास्तुकार). तर हा गृहस्थ चौथ्या भागाच्या सुरुवातीला म्हणतो की हा भाग सुबक आणि स्पष्ट आहे, याला टीपांची गरजच नाही! कपाळ माझं. पण पुढे तो एक कामाचं बोलून जातो, की यातल्या सगळ्या सिद्धता उलट धरून ते अशक्य ठरवणाऱ्या आहेत, युक्लिडने वर्तुळांच्या छेदांचं आणि स्पर्शांचं केलं तशा. आणि मला वाटतं गोम इथेच आहे. बेझू छेद मोजतो, काल्पनिक आणि अनंतावरचे धरून, म्हणून तर दोनदाच छेदताना दिसणाऱ्या वर्तुळांचे उरलेले दोन "हरवलेले" छेद त्याला सापडतात. अपोलोनियस मोजतच नाही, फक्त पाचवा येऊ देत नाही. हे असं लिहिलं तर चालेल की परीक्षक म्हणतील आजचा चष्मा जुन्या माणसाला लावलाय?

दुसरी अडचण हस्तलिखिताची. मूळ ग्रंथ व्हॅटिकन ग्रंथालयाच्या ग्रीक 206 क्रमांकाच्या पोथीत आणि यूटोकियसचं भाष्य वेगळ्याच पोथीत, 204 मध्ये, आणि गंमत म्हणजे भाष्याची पोथी मूळ ग्रंथाच्या पोथीपेक्षा जुनी. हायबर्गने संपादलेली 1891-93 ची छापील प्रत शेजारी ठेवून वाचते, छापील कळतं, पण पोथीत अक्षरं एकमेकांत घुसलेली, "काई" (म्हणजे "आणि") सारखा साधा शब्द आकड्यासारखा एक फराटा होऊन बसतो, आणि आकृतीतल्या बिंदूंची नावं वाक्यातल्या अक्षरांत मिसळतात. परवा एका ओळीवर दीड तास घालवला आणि शेवटी कळलं की मी ज्याला शब्द समजत होते ती नुसती रेषेची दोन टोकं होती.

तर कोणी ग्रीक मिनस्क्युल (पोथ्यांतली छोट्या, जोडून लिहिलेल्या अक्षरांची लिपी) वाचायला शिकलंय का, सुरुवात कशाने केलीत? संस्कृत पोथ्यांवर काम केलेले असतील त्यांनीही सांगा, समासातली टीप मूळ लेखकाची की नंतर कोणी घुसडलेली हे तुम्ही कशावरून ठरवता. आणि 3+1 चं उदाहरण अपोलोनियसमध्ये कुठेही दिसलं असेल तर प्लीज विधानाचा नंबर टाका, महिनाअखेर सबमिशन आहे.