मदत हवी आहे: ट्विस्टेड मेटल २ मध्ये मिनियनपाशी अडकलोय, कुठलं शस्त्र कधी वापरू?

नमस्कार मंडळी,

गेले अकरा दिवस मी ॲमेझोनियाच्या लेव्हलमध्ये अडकून पडलोय. गेम ट्विस्टेड मेटल २, शस्त्रं लावलेल्या गाड्यांच्या मारामारीचा, १९९६ चा, युरोपात 'वर्ल्ड टूर' नावाने आलेला तोच. पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर खेळतोय. २०२३ मध्ये तो पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीच्या सेवेतल्या जुन्या गेम्समध्ये आला तेव्हापासून डाउनलोड करून ठेवला होता, आत्ता कुठे हात लागला.

लॉस एंजेलिस आरामात होतं. मॉस्को आणि पॅरिस धडपडत का होईना, पार होतात. ॲमेझोनियात बाकीच्या गाड्या संपवतो, मग मिनियन, म्हणजे या लेव्हलचा बॉस, येतो आणि दोन मिनिटांच्या आत माझा धूर. एकदाही त्याची निम्मी हेल्थ उतरवता आलेली नाही.

माझी गाडी मिस्टर ग्रिम, म्हणजे मोटारसायकल. शक्यतो बदलायची नाहीये. लहानपणी हा गेम दादा आणि मी एकाच स्क्रीनवर जोडीने खेळायचो. तो वॉर्टहॉग नावाची गाडी घ्यायचा, मी ग्रिम. तेव्हा आम्ही शेवटपर्यंत गेलो होतो, हाँगकाँगसकट. त्यामुळे ग्रिमला जमत नाही असं नाही, मला एकट्याला जमत नाहीये.

माझी पद्धत अशी: दिसेल ते शस्त्र उचलायचं, समोर येईल त्याच्यावर रिकामं करायचं. होमिंग मिसाइल (शत्रूचा आपोआप पाठलाग करणारी) लागतात पण त्यांनी फारसं काही होत नाही. पॉवर मिसाइल दहातली सात-आठ बाजूने निघून जातात. रिमोट बॉम्बने (टाकून ठेवायचा, मग बटणाने फोडायचा) मी स्वतःच जास्त वेळा उडालोय. नेपाम (आगीचा गोळा) तर शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडतं. ग्रिमचं स्पेशल, म्हणजे त्या गाडीचं स्वतःचं खास शस्त्र, लागलं तर जबरदस्त आहे, पण मिनियन काही त्यासाठी थांबत नाही.

नेमकं काय चुकतंय? शस्त्रांचा क्रम चुकतोय की गाडी चालवण्यातच गोंधळ आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ग्रिम सोडा. गेममधलं सगळ्यात पातळ चिलखत त्याचं आहे. मिनियनसाठी वॉर्टहॉग घ्या, मार सहन होतो. नाहीतर स्पेक्टर घ्या, त्याचं स्पेशल भिंतीतून आरपार जाऊन शत्रूला शोधतं. आडोशाला उभं राहून मारता येतं.

प्रतिसाद २

गाडी बदलायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच आली नाही: फ्रीझ. तुम्ही तो वापरताच नाही का?

डी-पॅडवर डावीकडे, उजवीकडे, वर असं पटापट दाबलं की गोठवणारा गोळा सुटतो. तो शस्त्रांच्या साठ्यातून जात नाही, एनर्जीच्या पट्टीतून जातो, आणि ती पट्टी आपोआप भरत राहते. म्हणजे फ्रीझ कधीच कायमचा संपत नाही, थोडा वेळ थांबलं की परत हजर. तुमची पॉवर मिसाइल बाजूने जातात कारण ती नाकासमोर सरळ जातात, वळत नाहीत. चालत्या गाडीवर लांबून ती मारणं म्हणजे वाया घालवणं. गोठलेली गाडी मात्र काही क्षण जागची हलत नाही. तेवढ्यात आधी ग्रिमचं स्पेशल, मग लगेच एक-दोन पॉवर. ग्रिमचं स्पेशल या गेममधल्या सगळ्यात जड माऱ्यांपैकी आहे आणि तेही वेळेनुसार परत भरतं. पातळ चिलखताची भरपाई गेमने तिथेच केलीय, आणि ती तुम्ही हवेत सोडताय.

आता बाकीच्या शस्त्रांबद्दल. होमिंग फार इजा करत नाहीत हे खरं, पण ती पळणाऱ्यासाठी आहेत. शत्रू लांब जातोय, हेल्थ थोडीच उरलीय, तेव्हा दोन होमिंग सोडा आणि तोंड फिरवा. फायर मिसाइल मधल्या अंतराला बरी: थोडी वळतात आणि होमिंगपेक्षा जास्त लागतात. रिकोशे मोकळ्या जागेत वाया जातात. अरुंद बोळात भिंतीवरून आपटत जातात तेव्हा खरी कामाची. नेपामबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं की ते हवेत असताना बटण पुन्हा दाबलं की तिथूनच खाली पडतं. शत्रूच्या डोक्यावर आलं की दाबा, पलीकडे जाणार नाही.

रिमोट बॉम्बची चूक बहुतेक अशी होत असणार की तुम्ही तो शत्रूकडे जाताना टाकता. तो पळताना टाकायचा असतो. मागे लागलेली गाडी नेमकी त्यावर आली की दुसऱ्यांदा बटण. आरसा नाही, त्यामुळे अंदाज बसायला वीसेक बॉम्ब जातील. जाऊ द्या.

आणि सराव लॉस एंजेलिसमध्ये करा, ॲमेझोनियात नाही. पीएस५ च्या आवृत्तीत खेळ काही सेकंद मागे नेण्याची सोय आहे ना, ती जिंकण्यासाठी वापरू नका. फ्रीझ चुकला की दहा सेकंद मागे जा, पुन्हा दाबा. असं अर्धा तास.

धागाकर्ता

प्रतिसाद १, मनापासून धन्यवाद, पण ग्रिमवरच राहतो.

प्रतिसाद २, तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ गप्प बसून राहिलो. फ्रीझ आमच्याकडे दादा करायचा. कायम तोच. तो गोठवायचा आणि ओरडायचा 'मार!', की मी मारायचो. मला वाटायचं मारणारा मी आहे म्हणून आपण जिंकतोय. ते तीन बटणांचं कॉम्बिनेशन मी आयुष्यात कधी दाबलेलं नाही. म्हणजे मला हा गेम अर्धाच येतो.

सराव सुरू केलाय. दहात तीन वेळा जमतंय. अडचण अशी की डावी-उजवी दाबताना मोटारसायकलही डावी-उजवीकडे वळते आणि गोळा सुटेपर्यंत नाक भलतीकडे असतं.

प्रतिसाद ३

त्या वळण्याचा उपाय: बटणं दाबू नका, टिचक्या मारा. इतक्या हलक्या की गाडीला वळायला वेळच मिळू नये. डावी आणि उजवी सारख्याच वेळाची झाली तर नाक जवळपास जागेवर परत येतं. डावी लांबली की चुकलं. आणि भर वेगात करू नका, ॲक्सिलरेटर सोडून करा. मोटारसायकल हलकी असल्यामुळे ती फार पटकन फिरते, वॉर्टहॉगवर हे सोपं जातं. तुमच्या दादांना सोपं का जात होतं तेही यातच आलं.

मिनियनबद्दल माझा सल्ला शस्त्रांचा नाही, तयारीचा आहे. तो बाकीचे संपल्यावर येतो ना? मग शेवटच्या गाडीला घाईने मारू नका. ती एकटी उरली की तिला अर्धमेली ठेवा आणि सगळा नकाशा फिरून घ्या. पॉवर, रिमोट, टर्बो, हेल्थ, सगळं भरून. लाव्हापासून लांबून फिरा, तिथे फुकटची हेल्थ जाते. भांडार भरलं की मग तिला उडवा. मी स्वतः याच एका सवयीने तिथून पुढे गेलो. तुम्ही 'दिसेल ते उचलतो आणि समोरच्यावर रिकामं करतो' लिहिलंय, म्हणजे मिनियन येतो तेव्हा तुमच्या हातात उरतं काय? मशीनगन.

प्रतिसाद २

प्रतिसाद ३ शी पूर्ण सहमत, भर घालतो. बाकीच्या गाड्या एकमेकांनाही मारतात. सुरुवातीला गर्दीत शिरू नका, कडेने फिरत वस्तू गोळा करा, त्यांचं त्यांना भांडू द्या. तुम्ही नजरेत आलात की मात्र सगळे तुमच्याकडे वळतात, आणि तेही गोठवतात. गोठलेला ग्रिम म्हणजे मेलेला ग्रिम. म्हणून सरळ रेषेत कुणाकडेही जाऊ नका, तिरके जा.

आणखी एक कॉम्बिनेशन शिकून घ्या: डावीकडे, उजवीकडे, खाली. निवडलेलं शस्त्र मागच्या बाजूला सुटतं. मिनियन पाठीला लागला की वळायला जाऊ नका, वळताना वेग पडतो आणि तेवढ्यात तो खाऊन टाकतो. पळत राहा आणि मागे पॉवर सोडा. पाठलाग करणारा सरळ रेषेत येत असतो, त्यामुळे तिथे पॉवर चुकत नाही.

प्रतिसाद ४

पॅरिसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. धडपडत पार करता म्हणालात. आयफेल टॉवरच्या वर जाऊन रिमोट बॉम्ब ठेवा, खाली उडी मारा आणि मग फोडा. टॉवर कोसळतो आणि त्यावरून छपरांवर जायचा रस्ता तयार होतो. खालच्या गर्दीतून सुटका होते. करूनच बघा, पहिल्यांदा तो पडताना बघितला तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत राहिलो होतो.

पुढे अंटार्क्टिका येईल. तिथे बर्फाचे तुकडे सुटून पडत जातात आणि मैदान लहान होत जातं. कडेला रेंगाळू नका, मध्याकडे सरकत राहा. ग्रिमसारख्या हलक्या गाडीने तिथे विशेष जपा.

धागाकर्ता

सहा दिवसांनी लिहितोय. मिनियन पडला!

कसं झालं ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. शेवटची गाडी थंपर उरली होती. तिच्या ज्वाळांच्या टप्प्यात न जाता लांबून तिला अर्धमेली केली आणि पूर्ण फेरी मारली. पाच पॉवर, दोन रिमोट, थोडं नेपाम जमलं. मिनियन आल्यावर पहिला फ्रीझ चुकला, दुसरा लागला. स्पेशल, पॉवर, पॉवर, आणि लगेच पळालो. पूर्वी मी तिथेच थांबून मशीनगन मारत बसायचो. एनर्जी भरेपर्यंत फक्त पळायचं, हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पळताना मागे पॉवर सोडायचं तीनदा करून बघितलं, दोन लागली. मग पुन्हा फ्रीझ. असे चार फेरे झाले. शेवटी माझ्याकडे हेल्थची जेमतेम रेघ होती आणि तो रिमोट बॉम्बवरून गेला.

मागे नेण्याची सोय या लढाईत वापरली नाही, हे मुद्दाम लिहितो.

दादाला फोन केला. त्याला सांगितलं की फ्रीझ येतो आता मला. तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं तू कधीतरी विचारशील.' आणि त्याने एक गोष्ट सांगितली जी इथे कुणी लिहिली नव्हती: तो 'वर' दाबताना अंगठा सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. सरकवला की मध्येच तिरकी दिशा दाबली जाते आणि क्रम तुटतो. तसं केल्यापासून दहात आठ वेळा जमतंय.

आता पुढचा प्रश्न. हाँगकाँगमधल्या शेवटच्या बॉसबद्दल, डार्क टूथबद्दल, मला फक्त एवढंच आठवतंय की आम्ही जिंकलो समजून उड्या मारल्या आणि नंतर कुणीतरी येऊन आम्हाला मारलं. ते काय होतं?

प्रतिसाद ३

हार्दिक अभिनंदन! थंपरला लांबून खेळवलंत हे फार योग्य केलंत.

ते डार्क टूथचं डोकं होतं. त्याचा ट्रक फुटल्यावर पेटलेलं डोकं सुटं होऊन तुमच्या मागे येतं. म्हणून ट्रकवर सगळं संपवू नका. स्पेशल भरलेलं ठेवा आणि किमान दोन पॉवर राखून ठेवा. ट्रक फुटला की जागेवर थांबू नका, लगेच लांब पळा, अंतर मिळालं की वळा.

धागाकर्ता

डोकं! आता आठवलं. दादा तेव्हा 'अजून आहे, अजून आहे' म्हणून ओरडत होता आणि मी कंट्रोलर ठेवून दिला होता.

तो पुढच्या महिन्यात चार दिवस येतोय. तोपर्यंत न्यूयॉर्क, अंटार्क्टिका आणि हॉलंड एकट्याने करून ठेवतो. हॉलंडमध्ये सगळं सपाट शेत आहे, लपायला जवळपास काही नाही. तिथे ग्रिमने काय करावं यावर कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा, धागा वर ठेवतो.